घराजवळची शाळा: ‘जवळ’ म्हणजे किती, हे कुणी ठरवलं?

मुलाचं नाव पहिलीत घालायची वेळ आली की घरात दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. शाळा जवळ आहे का? आणि शाळा चांगली आहे का? आई-बाबा नकाशावर अंतर मोजतात, शेजारच्या मोठ्या मुलांकडे चौकशी करतात, एखाद्या दिवशी फाटकाबाहेर उभं राहून शाळा सुटताना बघून येतात. पालक पूर्वापार हेच करत आले असावेत, असं वाटतं. पण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांतून एक ‘निवडायची’, ही गोष्ट बहुतेक देशांत जेमतेम चाळीस-पन्नास वर्षांची आहे. त्याआधी ज्याच्या हाताशी पैसा तो खासगी शाळा निवडे. बाकीच्यांची शाळा त्यांचा पत्ता, धर्म, वर्ण किंवा जात परस्पर ठरवून मोकळी होई.

‘जवळ’ म्हणजे किती, हे आधी कायद्याने ठरवलं, तेही सक्ती करायची होती म्हणून. इंग्लंडमध्ये १८७० चा प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि मुलांना शाळेत आणण्याचे सक्तीचे नियम करायची मुभा स्थानिक शाळा मंडळांना मिळाली. सक्ती म्हटली की सबब आलीच. मूल आजारी आहे, ही एक चालणारी सबब. वाजवी अंतरात शाळाच नाही, ही दुसरी. त्या ‘वाजवी’ची कमाल मर्यादा कायद्यातच लिहून ठेवली: ३ मैल, आणि तेही जवळच्या रस्त्याने मोजलेले. म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे! १९४४ च्या कायद्यातही ८ वर्षांखालच्या मुलांसाठी २ मैल आणि त्यापुढच्यांसाठी ३ मैल असा हिशेब होता. घरापासून शाळेपर्यंत मोफत वाहन द्यायचं की नाही, हे तिथे आजही मुख्यतः याच दोन आकड्यांवर ठरतं.

जपानने १८७२ मध्ये अख्खा देश कागदावर कापला. ८ विद्यापीठ-विभाग, प्रत्येकात ३२ माध्यमिक विभाग, त्या प्रत्येकात २१० प्राथमिक विभाग. गुणाकार केला तर ५३,७६० प्राथमिक शाळा होतात, साधारण ६०० माणसांमागे एक. एवढ्या शाळा उभ्या राहिल्या नाहीत आणि १८७९ मध्ये ही आखणी मोडीत निघाली. पण प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हद्दीत येतंच, ही कल्पना मागे उरली.

मला स्वतःला सगळ्यात गंमत वाटते ती क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजनकाराच्या आराखड्याची. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मोटारी आल्या आणि मुलं त्यांच्याखाली सापडू लागली. पेरीने १९२९ मध्ये, न्यूयॉर्कच्या प्रादेशिक योजनेसाठी लिहिताना, प्रश्न उलटा केला. एक प्राथमिक शाळा नीट भरायला किती घरं लागतील? जेवढी लागतील तेवढ्यांचा मिळून एक शेजार. शाळा मधोमध, तिच्याभोवती पाव मैलाचं, म्हणजे ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ. वाहतुकीचे मोठे रस्ते वर्तुळाच्या कडेला, म्हणजे शाळेत जाताना मुलाला हमरस्ता ओलांडावा लागू नये. दुकानंही कडेलाच, चौकांत. वस्तीसाठी शाळा हे आपण गृहीत धरतो. पेरीच्या नकाशात मात्र शाळेचं माप घेऊन वस्ती बेतलेली आहे. ब्रिटनची युद्धोत्तर नवी शहरं आणि चंदीगडचे सेक्टर याच कल्पनेतून आले. तिच्यावर टीकाही १९४० च्या दशकातच सुरू झाली. एका तऱ्हेची माणसं एका वर्तुळात कोंडायला हा नकाशा फार सोयीचा आहे, हा मुख्य आक्षेप, आणि तो खोटा नव्हता.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं टोपेका शहर पाहा. लिंडा ब्राउनच्या घरापासून सातेक गल्ल्यांवर समनर नावाची प्राथमिक शाळा होती, पण ती फक्त गोऱ्या मुलांची. लिंडा काळी. तिला रेल्वेच्या रुळांमधून वाट काढत बसथांबा गाठावा लागे आणि तिथून काळ्या मुलांसाठीच्या मन्रो शाळेत जावं लागे. वडिलांनी १९५० मध्ये तिचं नाव समनरमध्ये घालायचा प्रयत्न केला, शाळेने नकार दिला, आणि पुढल्या वर्षी इतर पालकांबरोबर ते कोर्टात गेले. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. या खटल्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. टोपेकातल्या दोन्ही प्रकारच्या शाळा इमारत, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता यांत जवळपास सारख्याच आहेत, असं खालच्या कोर्टाने नोंदवलं होतं. म्हणजे मन्रो काही ‘वाईट’ शाळा नव्हती. वेगळं काढणं हीच इजा आहे, हे कोर्टाला सांगावं लागलं.

आणि मग चाक उलटं फिरलं. घराजवळच्या शाळेत जाऊ द्या, ही ब्राउन कुटुंबाची मागणी होती. पण गोरी आणि काळी माणसं मुळात वेगवेगळ्या वस्त्यांत राहत असल्याने, ‘ज्याने-त्याने आपल्या वस्तीतल्या शाळेत जावं’ म्हटलं की शाळा पुन्हा वेगळ्याच राहत. म्हणून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवायला मान्यता दिली. १९७४ मध्ये बोस्टनमध्ये त्यावरून दंगे झाले आणि ‘आमची मुलं आमच्या वस्तीतल्या शाळेत’ ही विरोधकांची घोषणा झाली. वीस वर्षांत तेच शब्द या बाजूकडून त्या बाजूला गेले. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात निकाल लागला की गोरी-काळी मुलं एकत्र आणायच्या शहराच्या योजनेत आजूबाजूची उपनगरं ओढता येणार नाहीत. ज्याला ऐपत होती त्याने हद्दीबाहेर घर घेतलं, विषय संपला.

भारतात ‘वस्तीतली शाळा’ हा शब्द तिसऱ्याच अर्थाने आला. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शेजारशाळेची शिफारस केली. जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. वस्तीतलं प्रत्येक मूल, जात-धर्म-पैसा न बघता, वस्तीतल्या एकाच शाळेत जाईल, अशी ती कल्पना. आयोगाचा युक्तिवाद नुसता गरिबांच्या कळवळ्याचा नव्हता. वजनदार पालकांची मुलं त्याच शाळेत असली तर ते शाळेकडे लक्ष देतील, हा त्यातला रोकडा भाग. आणि वेगळ्या शाळेत वाढलेल्या श्रीमंत मुलाचं शिक्षणही अपुरंच राहतं, हा दुसरा. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने समान शाळेचं तत्त्व मान्य केलं आणि पुढे ते कागदावरच राहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ‘शेजारशाळा’ परतली, पण आक्रसून. केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी ती १ किलोमीटरच्या आत, आणि खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा. एकच शाळा सगळ्यांची, ते राहूनच गेलं. पालक म्हणून लक्षात ठेवावं असं एक कलम मात्र त्यात आहे: प्रवेश देताना मुलाची किंवा आई-वडिलांची चाळणी परीक्षा घेता येत नाही.

कोठारी आयोगाचा अहवाल २९ जून १९६६ चा. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. सुमारे ४,००० शाळा आणि ६ लाखांवर विद्यार्थी त्यांनी पाहिले होते. इमारत, साधनं, खर्च यांपेक्षा मुलाच्या गुणांशी घरच्या परिस्थितीचा संबंध जास्त दिसतो, आणि वर्गात सोबत कोण आहे याचाही दिसतो, असा निष्कर्ष निघाला. त्याच्या पद्धतीवर पुढे बरेच वाद झाले; चांगल्या शिक्षकाने फरक पडतो हे नंतरच्या अभ्यासांत दिसलंच. पण कुठल्या शाळेचा परीक्षेचा निकाल किती लागला, याचा तक्ता हातात घेणाऱ्या पालकाने हे मनात ठेवलेलं बरं. त्यात शाळा किती शिकवते त्याबरोबरच तिथे कुणाची मुलं येतात हेही छापलेलं असतं, आणि दोन्ही एकाच आकड्यात.

तो तक्ता हातात आला तो ‘निवडी’च्या लाटेतून. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये सुचवलं होतं की सरकारने पैसे शाळेला न देता पालकाला, त्याने निवडलेल्या शाळेत चालेल असं, कुपन द्यावं. चिलीने १९८१ मध्ये आणि स्वीडनने १९९२ मध्ये मुलामागे पैसा जाईल अशी रचना केली. इंग्लंडमध्ये पालकांना पसंती कळवण्याचा हक्क १९८० मध्ये मिळाला, आणि १९८८ च्या कायद्याने जागा असेपर्यंत शाळेला प्रवेश नाकारणं अवघड केलं. निकालाचे तक्ते तिथे १९९२ पासून छापले जाऊ लागले. फ्रान्सने १९६३ ची शाळा-हद्द २००७ मध्ये सैल केली. जिथे प्रत्येक घराला ठरलेली शाळा असायची त्या जपानमध्येही टोकियोच्या शिनागावा भागाने २००० पासून प्राथमिक शाळा निवडायची मोकळीक दिली.

हद्द मात्र गेली नाही. शाळेत जागा कमी आणि अर्ज जास्त झाले की पुष्कळ ठिकाणी पुन्हा अंतरच मोजतात. या रेषेची किंमत सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ मध्ये मोजून दाखवली. बोस्टनच्या उपनगरांत शाळेची हद्द एखाद्या रस्त्यावरून जाते. अलीकडचं घर एका शाळेत, पलीकडचं दुसऱ्या. वस्ती तीच, झाडं तीच. अशाच घरांची त्यांनी तुलना केली. परीक्षेतले सरासरी गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेच्या बाजूचं घर सुमारे २.५ टक्क्यांनी महाग निघालं. सरकारी शाळा फुकट असते. तिची फी इथे घराच्या किमतीत भरली जाते.

आणि पेरीचे ४०० मीटर? अमेरिकेत १९६९ मध्ये ५ ते १४ वयाची ४८ टक्के मुलं पायी किंवा सायकलने शाळेत जात. २००९ मध्ये १३ टक्के. शाळा मोठ्या झाल्या, लांब गेल्या, हे एक कारण. दुसरं असं की शाळेच्या फाटकावर मोटारींची इतकी दाटी झाली, की दोन गल्ल्या पलीकडच्या घरालाही मुलाला चालत पाठवायची भीती वाटू लागली, म्हणून तेही मोटार काढू लागले. इटलीतल्या बोल्झानो शहराने १९८९ पासून यावर साधा उपाय काढला: शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ समोरचा रस्ता वाहनांना बंद. आता लंडनमध्येही शेकडो शाळांसमोर तेच करतात.