झाड थकत नाही, बिया त्याला थांबवतात

"गेल्या वर्षी एवढं लगडलं होतं, यंदा झाड विश्रांती घेतंय." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले. झाडातला अन्नसाठा घटतो हे खरंय, पण ते अर्धंच उत्तर.

सफरचंदाचं बघा. येत्या वसंतात फुलायचं की नुसती पानं काढायची हे फांदीवरचा डोळा, म्हणजे अंकुर फुटायची जागा, आदल्या उन्हाळ्यातच ठरवून मोकळा होतो, म्हणजे फांदीवर फळं लटकत असतानाच. हिवाळ्यात एखादा फुगीर डोळा ब्लेडने उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरा, आत इवल्याशा कळ्या दाटीवाटीने बसलेल्या दिसतात!

फुलायचा निरोप डोळ्याला देतं कोण? तर पान. १९३०च्या दशकात चैलाख्यान या शास्त्रज्ञाने पानातून निघणाऱ्या या निरोपाला फ्लोरिजेन नाव दिलं, पण तो नेमका पदार्थ हाती लागायला २००७ उजाडलं. तो निघाला एफटी नावाचा एक छोटासा प्रोटीन. पानात तयार होतो, साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांतून फांदीच्या टोकाला पोचतो, तिथे एफडी नावाच्या प्रोटीनशी जोडी जमवतो आणि मग ही जोडी फूल घडवणारे जीन चालू करते. आता गंमत अशी की एफटीचा सख्खा भाऊ म्हणावा असा टीएफएल१ त्याच एफडीला धरून बसतो आणि तेच जीन बंद ठेवतो, म्हणजे जागा एक, दावेदार दोन! सफरचंदात टीएफएल१ दाबून टाकला तर एरवी फुलायला कित्येक वर्षं घेणारं रोप साधारण वर्षभरात फुललं, आणि जंगली स्ट्रॉबेरीच्या काही जातींत या जीनमधली डीएनएची फक्त २ अक्षरं गळलीत तर ती हंगाम संपला तरी फुलतच राहते.

आता बियांकडे येऊ. वाढणाऱ्या बियांत जिबरेलिन हे संजीवक भरपूर असतं आणि सफरचंदात ते फुलकळीला आडवं येतं. १९६७ साली बिनबियांची फळं देणाऱ्या एका जातीवर प्रयोग झाला, काही फुलांना मुद्दाम परागण करून त्यांच्या फळांत बिया धरवल्या. बिनबियांच्या फळांशेजारचे डोळे पुढच्या वर्षी फुलले, बियांवाल्यांचे जवळजवळ नाहीच. फळं दोन्हीकडे होती, फरक फक्त बियांचा! पुढे फळांनी लगडलेल्या सफरचंदाच्या डोळ्यांत टीएफएल१ चढलेला आणि संत्र्याच्या पानांत एफटी उतरलेला सापडला.

त्यामुळे नजर लागली म्हणून काहीबाही बांधणं, खोडात खिळे ठोकणं हे कृपा करून थांबवा, झाडाला जखमच होते. आणि 'सगळ्या झाडांना फुलवणारं' एकच औषध म्हणून विकली जाणारी बाटलीही घेऊ नका. आंब्याला पॅक्लोब्युट्राझॉल चालतं कारण ते जिबरेलिन बनूच देत नाही, अननस मात्र इथिलीन वायूने फुलतो, प्रत्येक पिकाचं गणित वेगळं. सफरचंदाची विरळणी, म्हणजे जादा फळं तोडून गर्दी कमी, करायची तर फळं सुपारीएवढी व्हायच्या आत करा. बिया भरल्यावर फळं तोडली तर उरलेली मोठी होतील, पण बियांचा 'फुलू नको' हा निरोप तोवर डोळ्यापर्यंत गेलेला असतो.