फंगसचं एर्गोस्टेरॉल पळवणारं औषध

परवा परत एकानं विचारलं की अंगात फंगस शिरलंय तर डॉक्टर सरळ स्ट्राँग अँटिबायोटिक का देत नाहीत? कारण बुरशी म्हणजे बॅक्टेरिया नव्हे. पेनिसिलिन बॅक्टेरियाच्या भिंतीचं बांधकाम बंद पाडतं, बुरशीची भिंत मुळात वेगळ्याच मालाची. आणि पेशीच्या आत बघाल तर बुरशी आपली जवळची नातलग निघते, केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया सगळं आपल्यासारखंच, त्यामुळे तिला मारायला जावं तर घाव आपल्यालाही बसतो. म्हणून गंभीर फंगल इन्फेक्शनवर मोजकीच औषधं आहेत आणि त्यातलं माझं सगळ्यात लाडकं अ‍ॅम्फोटेरिसिन बी. सापडलं १९५०च्या दशकात, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीतल्या एका बॅक्टेरियात, आणि आजही म्युकरसारख्या (काळी बुरशी) इन्फेक्शनमध्ये आधी तेच आठवतं.

आता खरी गंमत. आपल्या पेशीच्या पातळ आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल. दोघं अगदी भावाभावांसारखे, तीच चार कड्यांची रचना, फक्त एर्गोस्टेरॉलमध्ये दोन डबल बाँड जास्त आणि शेपटीला एक कार्बन जास्त, २७च्या जागी २८. एवढ्याशा फरकावर पेशंटचा जीव तरतो! अ‍ॅम्फोटेरिसिनचा रेणू लांबट असतो, एका कडेला सात डबल बाँडची ओळ (औषध पिवळं दिसतं ते हिच्यामुळेच), ही बाजू तेलाकडे ओढणारी, दुसऱ्या कडेला ओएच गट, ती पाण्याकडे ओढणारी. कित्येक वर्षं पुस्तकात असं शिकवलं की हे रेणू गोल करून आवरणात उभे राहतात, भोक पडतं, पोटॅशियम बाहेर गळतं आणि बुरशी मरते. भोकं पडतात हे खरंच, पण २०१४ साली इलिनॉय विद्यापीठातल्या मार्टिन बर्क यांच्या टीमनं दाखवलं की मुख्य मार भोकांचा नाहीच, या रेणूंचे गठ्ठे आवरणाच्या बाहेरून चिकटतात आणि स्पंजनं पाणी टिपावं तसं एर्गोस्टेरॉल ओढून घेतात, आणि एर्गोस्टेरॉलवाचून बुरशीची कितीतरी कामं अडतात. म्हणूनच याला रेझिस्टन्स (म्हणजे बुरशीनं औषधाला दाद न देणं) क्वचितच येतो, कारण सुटायचं तर बुरशीला एर्गोस्टेरॉलच सोडावं लागेल आणि ते सोडलं की ती इतकी दुबळी होते की शरीरात टिकणं अवघड.

पण भाऊ तो भाऊच, थोडं औषध आपल्या कोलेस्टेरॉललाही चिकटतं. सगळ्यात जास्त भोगतात किडन्या, रक्तवाहिन्या आकसतात, नलिकांमधून पोटॅशियम, मॅग्नेशियम वाहून जातं, शिवाय औषध शिरेतून चालू असताना थंडी वाजून ताप. "नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाहीत" असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं, हे औषध मातीतून आलेलं शंभर टक्के नैसर्गिक आहे.

यावर तोडगा म्हणजे लायपोसोम. चरबीचे १०० नॅनोमीटरहून छोटे गोळे, त्यात मुद्दाम कोलेस्टेरॉल घातलेलं आणि त्याच्या आधारानं औषध बसवलेलं. कोलेस्टेरॉलशी मैत्री बेताचीच, त्यामुळे रक्तात फिरताना औषध तिथेच राहतं, पण गोळा बुरशीच्या भिंतीला जाऊन चिकटला की ते एर्गोस्टेरॉलकडे धाव घेतं. मला ही आयडिया अजूनही भारी वाटते. किडनीला धोका राहतोच, पण बराच कमी.

हे औषध शिरेतून द्यायला ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या) पाण्यात मिसळतात, मिठाच्या सलाइनमध्ये घातलं की साका बसतो. गंमत म्हणजे साध्या (लायपोसोम नसलेल्या) अ‍ॅम्फोटेरिसिनच्या आधी किडनी वाचवायला तेच मिठाचं सलाइन वेगळं देतात.

आणि डोस! लायपोसोमवालं दिवसाला किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम देतात, साधं मात्र दीडच्या वर कधीच नाही, लायपोसोमवाल्याचा डोस चुकून साध्या औषधानं दिला तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून बाटलीवरचं नुसतं अ‍ॅम्फोटेरिसिन वाचून थांबायचं नसतं, त्याच्या पुढे-मागे काय लिहिलंय तेही वाचावंच लागतं.