गावाच्या जंगलावर सामूहिक वनहक्क: दावा कसा करायचा?

संयुक्त वनव्यवस्थापनात वनखातं गावाच्या समितीशी करार करतं. त्यात अटी खात्याच्या असतात आणि करार रद्दही होऊ शकतो. वनहक्क कायदा, 2006 यापुढे जातो. गाव ज्या जंगलाची राखण परंपरेने करत आलंय, ते राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्कच तो ग्रामसभेला देतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. ज्या गावांनी अजून दावा केलेला नाही, त्यांनी थांबू नये.

दावा ग्रामसभेच्या नावाने होतो, ग्रामपंचायतीच्या नाही. गाव किंवा पाडा आपली स्वतंत्र ग्रामसभा भरवू शकतो. ग्रामसभा 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडते. तीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, आणि अनुसूचित जमातीचे लोक असतील तिथे दोन तृतीयांश जागा त्यांच्या. सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. हजेरीपटावर सह्या-अंगठे त्याच बैठकीत घ्या. कोरम अपुरा म्हणून दावा परत आला, तर सगळी मेहनत वाया जाते.

गाव राखत आलेल्या अशा जंगलाच्या, म्हणजे सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्यासाठी 'नमुना क' हा अर्ज लागतो. तो फुकट मिळतो. सोबत किमान दोन पुरावे जोडा. निस्तार पत्रक (गावाच्या सरपण, चराई अशा वहिवाटीच्या हक्कांची सरकारी नोंद) किंवा जुना महसुली नकाशा असेल तर उत्तमच. नसला तरी अडत नाही: देवराई, मसणवटा, चराईची रानं, पाणवठे, मोह-तेंदू गोळा करण्याच्या जागा हेही पुरावेच आहेत. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो.

सगळ्यात जास्त वेळ हद्दीच्या नकाशाला द्या. जाणत्या माणसांना घेऊन शीव पायी फिरा आणि नाला, टेकडी, मोठं झाड अशा खुणा नावानिशी लिहा. शेजारच्या गावांना आधी कळवा, कारण सामाईक रानावरून हरकत आली की दावा रेंगाळतो. पडताळणीची लेखी सूचना वनखात्याला आणि महसूल खात्याला द्या. वनरक्षक, तलाठी आले की पंचनाम्यावर त्यांची हुद्द्यासह सही, तारीख आणि शेरा घ्या.

मग ग्रामसभेचा ठराव करून दावा उपविभागस्तरीय समितीकडे द्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. अंतिम निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती देते. उपविभागाने दावा नाकारला, तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. नकाराची कारणं लेखीच मागा.

हक्कपत्र हातात आलं की ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमून वनसंवर्धनाचा आराखडा करायचा असतो. बांबू, तेंदूपानासारख्या गौण वनोपजाचा वाहतूक परवानाही मग गावाची ही समितीच देते.