एकाच फीडरवरचे दिवे

बेळगावातल्या शहापूरच्या खडे बाजारात आमच्या काकूंची एक ठरलेली पद्धत होती. भाजीवालीला "कोत्तंबरी एष्टु?" (कोथिंबीर कितीला?) विचारायचं, कन्नडमध्येच भाव पाडायचा आणि पिशवीत जुडी टाकताना मला मराठीत सांगायचं, "बघ, पाच रुपये सोडले तिनं." गेल्या दिवाळीनंतर त्यांनी एकाच जुडीचे पैसे दोनदा दिले. भाजीवालीनंच परत केले. पुढं पुढं 'एष्टु' हा शब्दही ओठावर येईना. एमआरआय केला, रिपोर्ट आला नॉर्मल. मग आळीत कुजबुज सुरू झाली. डोक्याचा फोटो बरा आलाय, तर काकू अशा का करूलालेत? बाहेरचं असणार. एकानं तर देवऋषीचा पत्ताही आणून दिला.

फोटो बरा म्हणजे मेंदू बरा, हा समज सुशिक्षितांतही पक्का आहे. नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूची बांधणी दिसते. गाठ, रक्तस्राव, आकसलेला भाग हे सगळं त्यात कळतं. पण मेंदूचे भाग एकमेकांच्या तालात चाललेत का, हे त्या फोटोत नसतं.

लहानपणी खानापुरात पावसाळ्यात व्होल्टेज सारखं कमीजास्त व्हायचं. टेकावर उभं राहिलं की खालच्या घरांचे पिवळे बल्ब दिसत. काही घरांतले बल्ब एकदमच मंद होत आणि एकदमच उजळत. त्यात आमच्या शेजारचं घर नसायचं, ओढ्यापलीकडचं असायचं. तारा न बघता आम्हा पोरांना कळायचं की ती घरं एका फीडरवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या एकाच मुख्य तारेवर आहेत. मेंदूतल्या 'कार्यात्मक जोडणी'चा, म्हणजे वेगवेगळे भाग एका तालात चालण्याचा शोध याच युक्तीनं लागला, आणि मला त्याचं अजूनही अप्रूप वाटतं.

मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथं गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावतं. ऑक्सिजन असलेलं आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे 1936 मध्येच कळलं होतं. 1990 मध्ये जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी त्याचा उपयोग करून एमआरआयच्या यंत्रात मेंदूतला हा बदल टिपला. मग संशोधक लोकांना बोटं हलवायला सांगत आणि कुठला भाग उजळतो ते पाहत. काही न करता पडून राहिल्यावर येणारा चढउतार 'खरखर' म्हणून सोडून दिला जाई.

1995 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये काम करणाऱ्या भरत बिस्वाल यांनी ती खरखरच तपासली. माणूस निवांत पडलेला असताना हात हलवणाऱ्या डाव्या भागाची लाट घेतली आणि तिच्याबरोबर आणखी कोण वरखाली होतं ते शोधलं. सापडला थेट पलीकडच्या बाजूचा, हालचालीचाच भाग! लाट इतकी संथ की एका चढउताराला दहा सेकंदांहून जास्त लागतात.

याचं गणित शाळेच्या पलीकडचं नाही. दर दोन सेकंदांनी एक मोजणी केली तर दहा मिनिटांत प्रत्येक भागाचे 300 आकडे मिळतात. प्रत्येक आकडा आपल्या सरासरीच्या वर किती किंवा खाली किती ते काढायचं. दोन भागांच्या त्या-त्या क्षणीच्या फरकांचा गुणाकार करायचा. दोघं एकदम वर किंवा एकदम खाली असतील तर गुणाकार धन, उलटसुलट असतील तर ऋण. सगळ्यांची बेरीज करून योग्य त्या मापानं भागली की उणे 1 ते अधिक 1 यांच्यामधला एक आकडा मिळतो, तोच सहसंबंध गुणांक. मेंदूचे 200 भाग धरले तर अशा 19,900 जोड्या होतात, आणि त्यांचं कोष्टक म्हणजे मेंदूच्या जाळ्याचा नकाशा.

इथं एक खाचखळगा आहे. दोन घरांचे बल्ब एकदम मंद झाले म्हणून त्या दोन घरांमध्ये तार असतेच असं नाही. दोघांना वीज तिसरीकडून येत असेल. मेंदूतही तसंच. शिवाय श्वास, नाडी आणि डोक्याची अगदी थोडी हालचालसुद्धा खोटा ताल निर्माण करते. आजारी माणूस यंत्रात जास्त चुळबुळ करतो, त्यामुळे हालचालीलाच आजार समजण्याचा धोका असतो.

2001 मध्ये मार्कस रेकल यांच्या गटानं दाखवलं की काही भाग आपण रिकामे बसलो असतानाच जास्त काम करतात. जुन्या आठवणी, स्वतःविषयीचे विचार यांचं ते जाळं. मेंदू वजनानं शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जा 20 टक्के खातो, आणि त्यातली बहुतेक या न थांबणाऱ्या आतल्या कामावरच जाते. अल्झायमरमध्ये हेच जाळं विस्कटलेलं आढळतं, आणि अमायलॉइड या प्रथिनाची पुटंही बरीचशी याच भागांत साचतात.

अर्धांगवायूत इजा एका बाजूला झाली तरी दोन्ही बाजूंच्या हालचालींच्या भागांमधला ताल बिघडतो. फिट येते तेव्हा उलट असतं. पेशी नको इतक्या एका तालात येतात. म्हणजे 'जोडणी जास्त ती चांगली' हे खरं नव्हे. आणि त्या वेळी चप्पल हुंगायला लावून काही होत नाही. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

आपल्या सीमाभागासाठी महत्त्वाची गोष्ट पुढं आहे. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 648 स्मृतिभ्रंश रुग्णांची पाहणी करून 2013 मध्ये ती प्रसिद्ध केली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, निरक्षरांतही. 2017 मध्ये इटलीत जर्मन आणि इटालियन दोन्ही बोलणाऱ्या अल्झायमरच्या रुग्णांत काही जाळ्यांची जोडणी एकभाषिकांपेक्षा मजबूत आढळली, मेंदूच्या काही भागांचं काम जास्त मंदावलेलं असूनही. दुसरी भाषा आजार थांबवत नाही, पण झीज सोसायची ताकद देत असावी.

एका माणसाचं निदान या जोडणीच्या नकाशावरून अजून होत नाही. 'ब्रेन मॅपिंग'च्या नावाखाली कुणी तसं विकत असेल तर पैसे देऊ नका. काकूंच्या स्मृतिभ्रंशाचं निदान घड्याळाचं चित्र काढायला लावून, वस्तूंची नावं विचारून झालं. पहिल्या ठिकाणी प्रश्न कन्नडमध्ये विचारले तेव्हा त्या गप्पच बसल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच मराठीत विचारले, तेव्हा निम्म्याहून जास्त उत्तरं आली आणि आजार कुठल्या टप्प्यावर आहे ते नीट कळलं. बेळगाव, खानापूर, निपाणीत घरच्या म्हाताऱ्या माणसाला तपासायला नेलंत तर डॉक्टरांना आधी सांगा, घरात कुठली भाषा बोलतात ते.