स्कॅन झाल्यावर निगेटिव्हचं काय करायचं? : पार्श्वभूमी

फोटो स्कॅन झाले की मूळ निगेटिव्ह ठेवायच्या की टाकायच्या, हा प्रश्न समजायला थोडं मागे जावं लागतं. आपल्याकडे फोटोग्राफी जुनी; मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच उभी राहिली. काचेची निगेटिव्ह, मग चटकन पेट घेणारी नायट्रेट फिल्म, मग सहजासहजी न पेटणारी ॲसिटेट फिल्म हा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. जतनाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की 'सेफ्टी' म्हणून विकली गेलेली फिल्म आपल्या हवेत टिकली नाही. ट्रायॲसिटेट ही ॲसिटेटचीच एक जात १९४८ मध्ये आली आणि दहा वर्षांच्या आत ती कुजत असल्याची पहिली तक्रार उत्पादकाकडे गेली, ती भारत सरकारकडून. अशा फिल्मला व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो, ती आकसते, आणि तिच्यातून निघणारं ॲसिड शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधतं.

घरोघरच्या फोटोंचं खरं नुकसान मात्र रंगीत फोटो आल्यावर सुरू झालं. काळ्या पानांचा, कोपरे लावलेला, मध्ये बटर पेपर घातलेला अल्बम होता तोवर मुख्य शत्रू दोनच: पावसाळ्यातली बुरशी आणि कसर. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुतला गेला असेल, तर कृष्णधवल फोटोतली चांदीची प्रतिमा शंभर वर्षं सहज काढते. रंगीत फोटोत चांदी उरत नाही, फक्त रंगद्रव्यं उरतात. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कागदांवरची निळसर छटा अल्बम बंद करून ठेवला तरी उडाली, म्हणून त्या काळातल्या लग्नांचे फोटो आज लालसर दिसतात. पुढे चिकट पानांचे अल्बम आले. त्यांनी फोटो असे धरून ठेवले की सोडवताना फाटावेत. त्यानंतर लॅमिनेशनची लाट आली. आजोबांचा एकुलता एक फोटो मोठ्या हौसेने प्लॅस्टिकमध्ये बंद झाला, आणि ते प्लॅस्टिक आता फोटोला धक्का न लावता निघत नाही.

२००० नंतर डिजिटल कॅमेरे आले, फिल्म धुणाऱ्या लॅब एकेक करून बंद पडल्या, आणि स्टुडिओंच्या माळ्यांवरच्या निगेटिव्हच्या खोक्यांचा प्रश्न उभा राहिला. सगळं स्कॅन करा आणि खोके काढून टाका, हा सल्ला तेव्हा तज्ज्ञही देत होते. त्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. जागा नव्हती, वातानुकूलनाचा खर्च झेपत नव्हता. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट रिळांना आग लागल्यावर जुन्या फिल्मची भीतीही वाढली. पुढे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे घरंच्या घरं पाण्यात गेली, तेव्हा ज्यांच्या स्कॅन प्रती दुसऱ्या गावी होत्या, त्यांचेच फोटो शाबूत राहिले.

पण प्रत काढणं वेगळं आणि मूळ टाकून देणं वेगळं, हे त्या घाईत कुणी ठासून सांगितलं नाही. स्कॅन कसलं होत होतं तेही पाहायला हवं. सहा बाय चार इंचांची कॉपी, म्हणजे कागदावरचा फोटो, ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करणं म्हणजे उत्तम काम समजलं जाई. ती फाइल होते १८०० बाय १२०० पिक्सेलची, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. त्याच फोटोची ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ४००० डीपीआयवर स्कॅन केली, तर वीस मेगापिक्सेलहून मोठी फाइल मिळते. शिवाय त्या छोट्या फाइल सीडीवर भरून ठेवल्या गेल्या, आणि आज सीडी चालवायला कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हच नसतो.

निगेटिव्हच्या पाकिटावर स्टुडिओचा नंबर असे. तो रजिस्टरमध्ये शोधला की तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, किती कॉप्या, किती ॲडव्हान्स, सगळं सापडे. पाकिटं आणि रजिस्टरं रद्दीत गेली तिथे माणसांची ओळखच पुसली गेली. माझ्या मते हे नुकसान निगेटिव्ह जाण्याहूनही मोठं आहे, कारण चेहरा एखाद्या कॉपीवरून पुन्हा स्कॅन करता येतो, नाव येत नाही.

मोबाइल आल्यापासून हा प्रश्न ऑनलाइन साठ्यावर सोपवला गेला. एका मोठ्या सेवेने १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागा बंद केली, तेव्हा तोही भरवसा डळमळला. दरम्यान तंत्र सुधारलं. आता चांगला कॅमेरा, अगदी जवळून फोटो घेणारी मॅक्रो लेन्स आणि निगेटिव्हमागे उजेड देणारं लाइट पॅनेल एवढ्यावर निगेटिव्हची उत्तम डिजिटल प्रत निघते. खोके राखून ठेवणारे काही स्टुडिओवाले जुनं काम त्या पद्धतीने पुन्हा करत आहेत, वास येणारी फिल्म वेगळी काढून आधी हाती घेत आहेत. ज्यांनी खोके काढून टाकले, त्यांच्याकडे मोठ्या प्रिंटची मागणी आली की ती दोन मेगापिक्सेलची फाइलच उघडावी लागते.