‘आमच्या घरात उंच कुणीच नाही’: कॉलेज बेसबॉलचे कोच अंगकाठीत काय पाहतात?

न्यू जर्सीत आमच्याकडे सरावाला मुलं घेऊन येणारे मराठी आईबाबा बहुतेक हाच प्रश्न विचारतात: घरात पाच फूट आठच्या वर कुणी गेलेलं नाही, मग कॉलेजच्या टीममध्ये याला घेतील का? मुलगा कुठल्या जागी खेळतो त्यावर उत्तर बदलतं.

उजव्या हाताचा पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) असेल तर काळजी रास्त आहे. उंच मुलाचा चेंडू वरून उतरत येतो, हात लांब असल्याने बॅटरच्या जरा जवळून सुटतो. शिवाय कोच आजचा मुलगा पाहत नाहीत, तीन वर्षांनंतरचा पाहतात. रुंद खांदे, लांब हातपाय आणि अंग भरायला भरपूर वाव असलेला सडपातळ मुलगा ताशी ८४ मैलांनी टाकत असला, तरी तो पुढे ९० गाठेल असा त्यांचा अंदाज असतो. अशा मुलाला ते ‘प्रोजेक्टेबल’ म्हणतात. वडील उंच आहेत का, हेही गुपचूप पाहून घेतात! तोच वेग असलेला, पण अंगाने पुरता भरलेला पाच फूट नऊ इंची मुलगा मात्र मागे पडतो. त्याला वेग आजच दाखवावा लागतो. व्यावसायिक पिचर मार्कस स्ट्रोमन पाच फूट सात इंचांचा. ड्यूक विद्यापीठात खेळून २०१२ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या फेरीत निवडला गेला. पण त्याचा फास्टबॉल, म्हणजे सर्वांत वेगाने टाकलेला चेंडू, ९० च्या बराच पुढे होता.

शॉर्टस्टॉप, सेकंड बेस, सेंटर फील्ड या क्षेत्ररक्षणाच्या जागी उंचीपेक्षा पाय बोलतात. ६० यार्डांची धाव (सुमारे ५५ मीटर) सात सेकंदांच्या आत हवीच. डिव्हिजन १ ला (कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा स्तर) ६.८ च्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर कोच वही उघडतात. डेव्हिड एकस्टाइन साडेपाच फुटांहून थोडाच उंच, फ्लोरिडा विद्यापीठात स्कॉलरशिपशिवाय संघात शिरला आणि २००६ च्या वर्ल्ड सिरीजचा (व्यावसायिक बेसबॉलची अंतिम मालिका) सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) ठेंगणा, दणकट असला तरी चालतो. चेंडू हातात आल्यापासून सेकंड बेसला पोचेपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास लागले पाहिजेत. फर्स्ट बेसचं मात्र वेगळं: बॅटमध्ये दम नसेल तर चपळाई तिथे वाचवत नाही. मुलगा डावरा असेल तर पिचर, फर्स्ट बेस आणि आउटफील्ड एवढ्याच जागा धरून चाला.

चपळाई म्हणजे नुसतं धावणं नव्हे. पहिलं पाऊल किती लवकर पडतं, कंबर किती झटकन वळते, तोल जाऊनही थ्रो नीट जातो का, हे कोच वॉर्म-अपपासूनच न्याहाळतात. म्हणून नववीतच बास्केटबॉल किंवा फुटबॉल सोडायला लावू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. वजन वाढवायचं तर शाकाहारी घरातही जमतं; पनीर, डाळी, दूध हवं, आणि हिवाळ्यात वेट ट्रेनिंगला सुट्टी नको.

कोचना पाठवायच्या प्रोफाइलमध्ये उंची दोन इंच वाढवून लिहू नका. कोच प्रत्यक्ष भेटतात तेव्हा ते लगेच कळतं, मग बाकीच्या आकड्यांवरही त्यांचा विश्वास राहत नाही.

डिव्हिजन १ चे कोच अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून मुलाशी थेट बोलू शकतात. २०२५–२६ पासून, खेळाडूंना थेट पैसे देण्याबाबतचा नवा कोर्टातला समझोता स्वीकारलेल्या कॉलेजांत संघाला ३४ जणांची मर्यादा आहे, आणि ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) अंगाने तयार झालेले मोठे खेळाडूही मिळतात. उशिरा वाढणाऱ्या मुलांना त्याचा फटका बसतो. त्यांच्यासाठी बारावीनंतरचं दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज हा उत्तम रस्ता आहे, पालकांना तो कमीपणाचा वाटतो तरीही. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, पण मार्क चांगले असतील तर शैक्षणिक मदत मिळू शकते, आणि अंगकाठीचा आग्रहही तिथे कमी.

आम्ही उंची, वजन, धाव, थ्रोचा आणि बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग मोजून कुठल्या स्तराला पत्रं पाठवावीत ते सांगतो. निवडीची हमी देत नाही. पहिल्या भेटीला ग्लव्ह, बॅट आणि शाळेचं ताजं प्रगतिपुस्तक घेऊन या. मोजणीच्या आदल्या दिवशी पिचिंग करू देऊ नका.