मूल होत नाहीये? नवऱ्याचं वजनही बघा

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की आधी सुनेच्याच टेस्ट सुरू होतात, सोनोग्राफी, थायरॉइड, पीसीओडी सगळं बघून होतं आणि नवऱ्याची साधी सीमेन टेस्ट मात्र राहूनच जाते. मला याचा खरंच राग येतो, कारण अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही काहीतरी कारण असतं, आणि त्यातलं एक कारण म्हणजे वाढलेलं वजन.

चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांमध्ये जास्त असणारं हार्मोन, करतं, आणि इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूला वाटतं हार्मोन भरपूर आहेत, मग तो एलएच आणि एफएसएच कमी सोडतो. शुक्राणू तयार व्हायला हेच दोन हार्मोन लागतात, त्यामुळे काउंट घसरतो. त्यात उष्णतेची भर. वृषणं शरीरापेक्षा 2 ते 4 अंश थंड राहावी लागतात, मांड्यांची आणि ओटीपोटाची चरबी ते होऊ देत नाही. शुक्राणूंच्या डीएनएलाही इजा होऊ शकते, ती साध्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

म्हणजे प्रत्येक जाड माणसाला प्रॉब्लेम असतोच असं नाही हां, कित्येकांना मुलं होतातच.

आणि यातलं बरंचसं सुधारतं! डेन्मार्कमध्ये लठ्ठ पुरुषांना 8 आठवडे दिवसाला फक्त 800 कॅलरीचा आहार दिला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरं का, घरी करू नका. सरासरी 16 किलोंच्या वर वजन उतरलं आणि शुक्राणूंचं प्रमाण जवळपास दीडपट झालं. 2022 मध्ये हा अभ्यास छापून आला. पुढे वर्षभर ज्यांनी वजन परत वाढू दिलं नाही त्यांचाच फायदा टिकला. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, वर परिपक्व व्हायला अजून थोडे, म्हणून आज चालायला लागलात तर फरक तीनेक महिन्यांनी दिसेल, महिन्याभरात रिपोर्ट काढून निराश होऊ नका.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका, जिममध्ये कोणी सांगितलं म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू एलएच, एफएसएच सोडणं जवळपास थांबवतो आणि काउंट पार शून्यावर जाऊ शकतो. आधीच घेत असाल तर डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा, बंद केल्यावरही काउंट परत यायला कित्येक महिने जातात.